ओकारीच्या बादलीचे दिवस

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी रंगाची एक जुनी बादली आहे. भोसरीच्या एका शेडमध्ये गरम साच्यातून माझा जन्म झाला. पोटात पिवळा रंग भरून मला महाळुंग्याच्या एका कंपनीत पाठवलं. माझ्या रंगाने तिथल्या जमिनीवर पट्टे मारले. माणसांनी इथून चालायचं, माल तिथे ठेवायचा. आलेगेले साहेब म्हणायचे, "पट्टे काय सुरेख आहेत!" कौतुक पट्ट्यांचं झालं. रंग संपला तशी मी भंगाराच्या कोपऱ्यात गेले. देवाची इच्छा म्हणून गप्प बसले.

तिथल्या क्वालिटी विभागातल्या ज्योतीरामने साहेबांना विचारून मला घरी आणलं. कासारवाडीत त्याच्या दोन खोल्या. तो, त्याची बायको विजयश्री आणि लातूरकडून राहायला आलेली आई, अंबूबाई. मला घासूनपुसून कांदे ठेवायला दिले. मी मनोभावे कांद्यांची सेवा केली.

मग एका सकाळी विजयश्री एक पांढरी पट्टी हातात धरून बाथरूममधून बाहेर आली. त्या पट्टीवर दोन गुलाबी रेघा उमटल्या होत्या. नोकरीभर पिवळे पट्टे पाहिलेला ज्योतीराम त्या दोन रेघा पुन्हा पुन्हा मोजत राहिला. अंबूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. थोड्याच दिवसांत कांदे टोपलीत गेले आणि मी विजयश्रीच्या उशाशी आले.

सुरुवातीचे महिने असे असतात, हे मला कुठे ठाऊक होतं? पोट दिसायला होतं तेवढंच, पण बाकी सगळं घर उलटंपालटं. फोडणीचा वास नको, अगरबत्तीचा नको, ज्योतीरामच्या डोक्याच्या तेलाचा तर मुळीच नको. बसल्या जागी झोप. उठलं की बाथरूम. दूध उतू गेलं तर रडू, आणि नाही गेलं तरी रडू.

डॉक्टरबाईंनी फॉलिक ॲसिडची गोळी दिली होती. म्हणाल्या होत्या, "उलट्या बहुतेकींना होतात. चौथ्या महिन्याच्या आसपास कमी होतात. उठल्याउठल्या काहीतरी कोरडं खा, दिवसभर थोडं थोडं खा, पाणी घोट घोट घ्या. पण पाणीसुद्धा टिकेना, तर मात्र घरी बसू नका." यातलं ज्योतीरामने "कमी होतात" एवढंच मनावर घेतलं.

त्याने माझ्याभोवती फरशीवर पिवळी टेप लावली. फ्रीजवर तक्ता चिकटवला. रोज ओकाऱ्या मोजायच्या आणि आकडा खाली आणायचा. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत असते. ती त्याने घरी चालवली.

"उलटी का होते?" त्याने आईलाच विचारलं.

"वास येतो म्हणून."

"वास का येतो?"

"मी फोडणी द्यायलेय म्हणून."

"फोडणी का?"

"तुला गिळायला लागतंय म्हणून!"

"मग मला का..."

"बाप कोण व्हायलाय? तूच की! मूळ कारण तूच हायस. लिही तक्त्यावर!"

विजयश्री खळखळून हसली आणि हसता हसता माझ्यावर वाकली.

पण पुढे खरंच वाईट दिवस आले. प्यायलेलं पाणीही माझ्यात येऊ लागलं. विजयश्रीचे ओठ सुकले. "आज बघू, उद्या बघू," असं ती म्हणत राहिली.

त्यात संकष्टी आली. अंबूबाई सकाळीच चिंचवडला मोरया गोसावींच्या दर्शनाला गेल्या. तिथल्या रांगेत त्यांचा दिवस गेला. संध्याकाळी मायलेक दारातच भेटले. ज्योतीरामने आधी माझ्यात डोकावून पाहिलं. मी कोरडी ठणठणीत.

"आई, शून्य! आज रिजेक्शन शून्य!" त्याने तक्त्यावर भलंमोठं शून्य काढलं आणि त्याला डोळे, नाक, तोंड काढून हसवलं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण बादलीला कोण विचारतं?

"आज उपास होता ना," विजयश्री पडल्या पडल्या म्हणाली. "काही घेतलंच नाही, म्हणून त्रासही झाला नाही."

"आन् पाणी?" अंबूबाईंनी विचारलं.

"तेही बाहेर येतं, आई. म्हटलं, चंद्र उगवल्यावरच घेऊ."

"लघवीला गेलीस का?"

"सकाळी. अगदी थोडी, गडद झाली." ती उठायला गेली आणि भिंत धरून खालीच बसली.

"अरे, पोटात काही गेलंच न्हाई तर भाईर काय पडंल?" अंबूबाई कडाडल्या. "मशीन बंद ठेवून माल खराब निघाला न्हाई म्हणून नाचायलास का?"

ज्योतीराम पेन टाकून बाहेर धावला. त्याने हाक मारून रिक्षा थांबवली. मी विजयश्रीच्या मांडीवर होते. शेजारच्या गॅलरीतून चार डोकी बाहेर आली आणि तीन महिन्यांचं गुपित तिथेच संपलं.

दवाखान्यात सलाईन लागलं, त्यातून उलट्यांवरचं औषधही दिलं. डॉक्टरबाई ज्योतीरामवर रागावल्या, मग सोनोग्राफी केली. पडद्यावर इवलंसं काहीतरी भराभर लुकलुकत होतं. "हे ठोके. बाळ ठीक आहे," त्या म्हणाल्या. ज्योतीराम पडद्याला हात जोडून उभा राहिला.

विजयश्री मात्र कुजबुजली, "आई, उपास मोडला."

"मोडला कुठं? माझ्याकडं आला," अंबूबाई म्हणाल्या. "लेकरू हातात येईस्तोवर तुझ्या चतुर्थ्या मी धरते. बाप्पाला मोदक आवडतात गं, उपाशी पोरी न्हाई."

घरी आल्यावर तिने ज्वारीच्या लाह्या खाल्ल्या. वर दोन घोट पाणी. तिघंही माझ्याकडे टक लावून बसले. मीही श्वास रोखला. काही आलं नाही. पुन्हा दोन घोट, आणि तेही राहिले. ज्योतीरामने जुना तक्ता फाडला आणि नव्यावर लिहिलं: 'आज पोटात काय गेलं?'

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी आई होणार असेल. ती निजली तर निजू द्या, रडली तर हसू नका. पाणी प्यायली का, लघवीला गेली का, हे न लाजता विचारा. पाणी टिकेना, तर मुहूर्त बघू नका. आणि माझ्यासारखी बादली जवळ असू द्या, रोज स्वच्छ धुवून.

मी देवाला रोज एकच मागते: आधी तिला पोटभर खाऊ दे, आणि मग मला खुशाल रिकामी ठेव.