शब्द फुटेपर्यंत

धाकटी लहानपणापासून अडखळत बोलायची. चष्म्याच्या दुकानात तिचा हात चांगला होता, भिंग घासून चौकटीत असं बसवायची की फट दिसू नये. पण मालकाने तिला कधी गिऱ्हाइकासमोर उभं केलं नाही. मागच्या खोलीत मशीनपाशी तिची जागा.

सासरी ती धाकटी सून, पण तिला कॅसेट म्हणत. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा मोठ्या दिरानं हे नाव ठेवलं. "अडकली बघ कॅसेट!" म्हणून तो टाळी द्यायचा आणि तिचं अर्धं वाक्य तिच्याच आवाजात पुरं करून दाखवायचा. पंगतभर हशा पिकायचा. तिचा नवराही हसायचा. मागून म्हणायचा, "दादाचं मनावर घेऊ नकोस, तो मायेनं बोलतो." पुढे पुतण्यांची ती कॅसेटकाकू झाली.

मग दिराला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

वाचा शिकवायला एक बाई घरी यायची. तिनं बजावलं होतं, "शब्द त्यांना स्वतः काढू द्या. मध्ये बोलू नका." पण एवढा दम कुणाला? त्यानं तोंड उघडलं की जाऊ सुरू व्हायची, "पाणी? चहा? पंखा लावू?" तो डाव्या हातानं गादीवर बुक्क्या मारायचा.

धाकटीला ते बघवेना. आपल्या तोंडात दुसऱ्यानं शब्द कोंबला की काय होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुकान सुटलं की ती परस्पर दिराच्या घरी जायला लागली. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि थांबायची. "भाऊजी, घाई न-नाही. म-मला कुठं जायचंय?"

एका संध्याकाळी कितीतरी वेळ "पा, पा" करून त्यानं "पाणी" म्हटलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिनं भांडं त्याच्या ओठांना लावलं. तिला वाटलं, आता याला कळलं असेल. आता हा आपल्याला कधी चिडवायचा नाही.

पुढच्या रविवारी सगळे जमले होते. धाकटी दारातून आत आली, तसा दिराचा चेहरा फुलला. डावा हात उचलून तो खणखणीत म्हणाला, "कॅसेट!"

घरात एकच जल्लोष झाला. जाऊ पदरानं डोळे पुसायला लागली. नवऱ्यानं मोबाइल काढला. "दादा, परत म्हण! परत एकदा!"

"कॅसेट," तो म्हणाला. अडखळला नाही, की दमला नाही. त्यात खोडी नव्हती, नुसता आनंद होता. तिला तेच जास्त लागलं.

"भा-भाऊजी," ती म्हणाली, "म-मला तसं म्हणू नका."

नवऱ्यानं मोबाइल खाली घेतला. जाऊ म्हणाली, "अगं, आजारी माणूस आहे. पहिल्यांदा धड शब्द फुटला तोंडातून!"

"पहिला न-नाही. आधी प-पाणी म्हणाले होते."

"आता कुठं हे उकरून काढतेस?" नवरा दबक्या आवाजात खेकसला.

"म-मग कधी काढू?"

ती दिराकडे बघत उभी राहिली. रोजच्यासारखी थांबली, त्याच्या तोंडून काही येतंय का म्हणून. त्यानं आधी भावाकडं पाहिलं, मग मुलांकडं, आणि तोंडाच्या चालत्या बाजूनं हसला. पुतणेही हसले.

धाकटी चपला घालून निघाली. पुन्हा गेली नाही.

काही दिवसांनी जावेचा फोन आला. "तुझ्याशिवाय कुणापाशी बसत नाहीत गं. ये ना."

"ताई, त्यांना ध-धाकटी म्हणायला शिकवा. लगेच येते."

"त्यांना काय कळतंय आता?"

"क-कॅसेट कळतं ना."

जावेनं फोन ठेवला.

दिराची वाचा तिथंच थांबली. शिकवणारी बाईही यायची बंद झाली. धाकटीनं सूड उगवला, असं नात्यागोत्यात सगळे बोलू लागले. नवरा एकदा हात धुताधुता म्हणाला, "तुझ्या हट्टापायी दादा मुका राहिला."

तिनं नाकारलं नाही. ती जात राहिली असती तर त्याला आणखी चार शब्द आले असते, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. भिंग घासताना ते मध्येच आठवायचं आणि तिला मशीन बंद करावं लागायचं. ताठ उभं राहिलं की मन हलकं होतं, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तरी परत जावंसंही वाटलं नाही.

रविवारी नवरा एकटाच भावाकडं जातो. परवा आला तेव्हा तिनं विचारलं, "क-कसे आहेत?"

"जाऊन बघ की," तो म्हणाला आणि टीव्ही लावला.

तिनं दोन ताटं वाढली. दोघं जेवले.