सातवं नाव

आमच्या बफेलोत ऑगस्ट महिन्यात भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. दर शुक्रवारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला जो येतो, तो प्रत्येक जण ज्योतिषीच असतो. फुटबॉलचा, म्हणजे आमच्या हातानं झेलायच्या अमेरिकी फुटबॉलचा, खरा मोसम अजून सुरू व्हायचा असतो, नुसते सराव सामने चाललेले असतात, आणि जानेवारीच्या बाद फेरीत कोण पोचणार हे आम्ही माशावर लिंबू पिळता पिळता ठरवून मोकळे होतो. आमच्या गटातून सात संघ जातात. पण बफेलोत नावं सहाच घ्यायची. सातवं आपल्या संघाचं, ते गिळायचं. तिथे नुसतं खाकरायचं आणि बिअरचा घोट घ्यायचा, ज्याला कळायचं त्याला कळतं. इतक्या वेळा तोंडचा घास गेलाय आमचा, की नाव उच्चारलं की दृष्ट लागते अशी आमची ठाम समजूत आहे. डॉक्टर खाकरतात, वकील खाकरतात, आमचे फादर स्टॅनिस्लॉससुद्धा खाकरतात.

यंदा माझ्या वहिनीनं, रेजिनानं, ते नाव घेतलं. तेसुद्धा उभं राहून.

"आणि सातवे आपण!" ती म्हणाली. "आता माझा नोलन आहे ना संघात!"

हॉल चिडीचूप झाला. माझा भाऊ लेनर्ड ताटात बघत राहिला. शेजारच्या टेबलावरून वॉल्ट क्रुपा ओरडला, "अगं बाई, चूळ भर आधी!" लोक हसले, पण मनापासून कोणी हसलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा रेजिनाचा जुना स्वभाव. मला तिचा राग येतो तो याचसाठी, आणि ती आवडते तीही याचसाठी.

शिवाय नोलन अजून संघात नव्हताच. तिचा एकुलता एक पोरगा, कॉलेजात चांगला खेळला, पण मोठे संघ नवी पोरं निवडतात त्या दिवशी त्याचं नाव कोणी घेतलं नाही. मग आमच्याच संघानं सरावाला बोलावलं. सरावाला नव्वद पोरं बोलावतात आणि मोसमाआधी त्रेपन्न ठेवतात. असल्या पोरांची परीक्षा सराव सामन्यांतच. शेवटच्या सामन्यात डाळ शिजली तर आत, नाहीतर घरी.

त्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी खाली रेजिनाच्या स्वयंपाकघरात होते. मी वरच्या मजल्यावर राहते. आम्ही दोघी टोमॅटो सोलून बरण्यांत भरत होतो. तिचे हात लाल झालेले, म्हणून नोलनचा फोन आला तेव्हा तिनं कोपरानं बटण दाबून तो मोठ्या आवाजावर टाकला.

"आई, गुडघा सुजलाय गं," तो म्हणाला. "वळताना आत काहीतरी सरकतं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं तर उद्या बाहेर बसवतील. आणि उद्या बसलो तर संपलंच."

रेजिनानं माझ्याकडे पाहिलं. मी टोमॅटोकडे पाहिलं. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला चक्क दिसत होतं. हॉलमधली सगळी तोंडं, वॉल्ट क्रुपाचं तर सगळ्यात पुढे.

"घट्ट पट्टी बांध आणि खेळ," ती म्हणाली. "एका सामन्याचा तर प्रश्न आहे. अख्खं गाव तुझ्याकडे डोळे लावून बसलंय रे."

"बरं," नोलन म्हणाला.

फोन बंद झाल्यावर ती मला म्हणाली, "लेनर्डला सांगू नकोस हं. तो उगाच घाबरवतो पोराला."

लेनर्ड उगाच कोणाला घाबरवत नाही. शाळेत असताना तोही असाच पट्टी बांधून खेळला होता. आज बर्फ काढायच्या गाडीतून उतरताना दर वेळी कमरेवर हात ठेवून देवाचं नाव घेतो.

सामन्याच्या उत्तरार्धात नोलननं उडी मारून चेंडू छान झेलला. खाली आला, वळायला गेला आणि बसकण मारली. त्याच्याजवळ कोणी नव्हतं, कोणाचा धक्का लागला नव्हता. तो नुसता गुडघा धरून गवताकडे बघत होता.

गुडघ्यातला स्नायुबंध पार तुटला होता. "आधीच थोडा फाटलेला असावा," शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीण म्हणाली. "तेव्हाच विश्रांती मिळाली असती तर एवढं झालं नसतं."

लेनर्डनं विचारलं, "आधी दुखत होतं का रे?"

"नाही, बाबा," नोलन म्हणाला.

रेजिना खिडकीतून गाड्या बघत होती. तिचा चेहरा दिसला नाही, पण पर्सचा पट्टा ती पिळत होती तो मला दिसला. संघानं नोलनला मोकळं केलं आणि पोरगा कुबड्या घेऊन घरी आला.

मग गावाला विषयच मिळाला. "रेजिना, तोंडाला कुलूप लाव," असं किराणा दुकानात लोक म्हणायचे. कोणीतरी तिच्या पायरीवर चिकटपट्टीची गुंडाळी आणून ठेवली, ओठांवर लावायला. तिनं हे सगळं मुकाट्यानं घेतलं. मुकाट्यानं काय, आवडीनं घेतलं! "हो बाई, माझ्याच जिभेनं घात केला," असं ती आपण होऊन सांगायची. शुक्रवारी हॉलमध्ये फुकट मासे तळायला उभी राहायची. संघाचा सदरा घालणं सोडलं. एकदा तर पापनिवेदनालाही जाऊन आली.

"फादरना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"नाव घेतलं ते."

"आणि?"

"आणि काय? ते म्हणाले, फुटबॉलचं भविष्य हे पाप नव्हे, मूर्खपणा आहे."

"आणि फोनचं?"

ती भांडी घासायला लागली. मग माझ्या लक्षात आलं. गाव जो दोष तिच्या माथी मारत होतं तो खोटा होता, आणि म्हणूनच तिला हवा होता. त्या खोट्या दोषाच्या आडोशाला खरा दोष सुखानं बसला होता. चिकटपट्टीवर लोक हसत होते तोवर गुडघ्याबद्दल कोणी विचारणार नव्हतं. मलाही बोलता येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण संघ जिंकत सुटला. ऑक्टोबरात जिंकला, नोव्हेंबरात बर्फात जिंकला, आणि नाताळ झाल्यावरच्या रविवारी बाद फेरीतली जागा पक्की केली.

सामना संपतो न संपतो तोच दारावर थापा पडल्या. वॉल्ट क्रुपा, मागे अर्धी गल्ली, आणि वॉल्टच्या हातात तळलेल्या चिकन विंग्जचं भलंमोठं ताट.

"आमची देवऋषीण कुठाय?" तो ओरडला. "रेजिना, तुझ्या तोंडात साखर पडो! जिभेवर तीळ बिळ आहे काय गं तुझ्या? पुढच्या वर्षी सातही नावं तूच घे. आम्ही नुसते खाकरतो!"

सगळे हसले. बाया तिचे मुके घेत होत्या. कोणीतरी तिच्या गळ्यात संघाचा मफलर घातला. नोलन सोफ्यावर पाय लांब करून बसला होता, तोही टाळ्या वाजवत होता. रेजिनाचा चेहरा मात्र पांढराफटक. दृष्ट लागलीच नव्हती. मग पोराच्या गुडघ्याला काय लागलं होतं? आता आडोसा राहिला नव्हता.

लोक गेले. घरात आम्ही चौघंच उरलो. लेनर्ड विंग्ज खात होता. रेजिनानं मफलर काढून टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलली.

"लेनर्ड, त्याला आधीपासून दुखत होतं. त्यानं मला फोन केला होता. मीच म्हटलं, पट्टी बांध आणि खेळ. हॉलमध्ये फुशारकी मारून बसले होते ना मी. पोरगा बसला तर माझं हसं होईल, म्हणून खेळवला त्याला."

लेनर्डनं हातातलं हाड ताटात ठेवलं. तो ओरडेल असं मला वाटलं. त्यानं नोलनकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मला का नाही फोन केलास?"

नोलन म्हणाला, "आधी तुमचाच नंबर काढला होता, बाबा. पण तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मी तुमचं ऐकलं असतं." मग तो आईकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "आई, तू नको लावून घेऊस. मला खेळायचंच होतं. हो म्हणणारं माणूस हवं होतं, आणि तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं. म्हणून तुला विचारलं."

पोरानं तिची समजूत घातली होती. आपण आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं असंच त्याला वाटत होतं, कारण बोलून झाल्यावर तो हसला आणि ताट पुढे ओढलं. रेजिनानं मान डोलावली. मग स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि हात न धुता नुसती त्या पाण्यासमोर उभी राहिली. मी मागोमाग गेले.

"ऐकलंस, लोरेन?" ती म्हणाली. "आपलं भलं बघणारं माणूस कोण, हे पोराला ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं लेनर्डला फोन नाही केला, मला केला."