पारोशा तोंडची गोळी

पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यातच पोटात गेलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले, तर थायरॉइडचा आकडा काही केल्या उतरेना. गोळी वाढवली, तरी रिपोर्ट जिथल्या तिथे. सासूबाई म्हणाल्या, "औषदच खोटं हाय." शेवटी गावच्या आशा सेविका ताईंनी शहापूरला पाठवलं. तिथल्या दवाखान्यात शनिवारी हार्मोनच्या डॉक्टर शर्वरी येतात. सकाळी शहापूर, दुपारी मुरबाड. खर्डीहून मी नि सासूबाई निघालो.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. मला वाटलं, आता आणखी मोठी गोळी. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वर्षा, तुझी सकाळ सांग मला. डोळे उघडल्यापासून."

बाहेर एवढ्या बायका खोळंबलेल्या, आणि ह्या माझी सकाळ ऐकत बसल्या! मी सांगितली. झाडलोट, आंघोळ, देवापुढे दिवा. तोवर तोंडात पाणीसुद्धा नाही, घरची रीतच तशी. मग चहाबरोबर सासूबाई हातावर गोळ्या ठेवतात. थायरॉइडची, रक्तवाढीची, कॅल्शियमची, सगळ्या एकदम.

"इसरायला नको म्हनून," सासूबाई ऐटीत म्हणाल्या. "एक दिस चुकला नाय माझा."

आता सासूबाईंना बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली.

"मावशी, सुनेचं इतकं कोण करतं?" डॉक्टर म्हणाल्या. "फक्त एक करा. ह्या दोन मोठ्या गोळ्या थायरॉइडच्या लहानीला पोटात अडवून धरतात, अंगी लागू देत नाहीत. लहानी एकटी द्या. उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने. रक्तवाढीची दुपारी जेवल्यावर, कॅल्शियमची रात्री."

"उठल्याउठल्या? पारोशा तोंडानं?" सासूबाई ताठ झाल्या. "देव हाय घरात, बाय."

डॉक्टर वाद घालत बसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

"मावशी, इथे प्रत्येकाला थायरॉइडची एक गाठ असते. बाळाची अजून कामाला लागलेली नाही. तोवर त्याचा मेंदू घडायला जे लागतं, ते आईच्या रक्तातून जातं. आईलाच कमी पडतंय, म्हणून ही गोळी."

सासूबाईंनी त्या बोटाकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे.

"म्हंजे गोळी हिची नाय. नातवाची."

"किंवा नातीची."

"मंग पोटातल्या पोराला कसली आंघोळ नि कसला पारोसा!"

डॉक्टर इतक्या मोठ्यानं हसल्या की नर्स दारातून डोकावली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पाण्याचा पेला घेऊन उशाशी हजर. "ऊठ गो, पोर भुकेलंय." पुढच्या रिपोर्टात आकडा उतरला. डॉक्टरांनी तो कागद माझ्याकडे न देता सासूबाईंसमोर धरला, "बघा तुमचं काम." मी मात्र बघत होते डॉक्टरांकडे.

माझी लेक भूमिका जन्मली तेव्हा तिचं थायरॉइड तपासायला टाचेतून रक्त घ्यायलाही त्यांनीच सांगून ठेवलं होतं. रिपोर्ट आला नि त्यांचा फोन आला, "सगळं छान आहे." तेवढ्यात भूमिकानं दुधासाठी भोकाड पसरलं. मी तिला घाईघाईनं थोपटायला लागले.

"अगं, गप्प नको करूस," डॉक्टर म्हणाल्या. "ऐकू दे मला जरा."

मी फोन तिच्या तोंडाजवळ धरला.