घट्ट बांधलेली कामटी

मी बांबूची एक जुनी कामटी आहे, मित्रांनो. दीड वीत लांब, दोन बोटे रुंद. एका अंगाने तेल पिऊन पिवळी झालेली, आणि दुसऱ्या अंगावर मधोमध सुरीचा चरा. तो चरा कसा पडला तेवढेच मला सांगायचे आहे. सांगताना माझा आवाज चढला तर रागावू नका. दोन दिवस मी जिवाच्या आकांताने ओरडले आणि कुणालाही ऐकू गेले नाही, तेव्हापासून मला हळू बोलता येत नाही.

माझा जन्म एगुवकोना गावचा. तिथला पेंचलय्या मोडलेली हाडे बसवत असे. आपल्या परसातल्या बेटातून त्याने एक जून बांबू तोडला, चिरला, आणि आम्हा चौघी बहिणींना तासून काचेच्या तुकड्याने गुळगुळीत केले. मग आठ दिवस एरंडेलात बुडवले. मी चौघींत सगळ्यांत ताठ. म्हातारा मला दोन्ही हातांनी वाकवून पाही आणि म्हणे, "ही बघ कशी आहे. धरलं की सोडायची नाही!" मला त्याचा फार अभिमान वाटे. त्या अभिमानाचे काय झाले ते पुढे कळेलच.

माझी पहिली वीस वर्षे सुखाची गेली. किती हातांना मी बिलगले! म्हाताऱ्याची सून सुबद्रम्मा उडदाचे पीठ अंड्याच्या पांढऱ्यात फेटायची, त्यात कापडाची पट्टी भिजवायची, आणि म्हातारा आम्हाला हाताला लावून वरून ती गुंडाळून बांधायचा. पट्टी वाळली की दगडासारखी होई. बांधताना त्याचे तोंड चालू असे.

"मोडलं ते मधलं हाड. पण त्याच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोघांनाही गप्प बसवायचं. शेजारीपाजारी भांडत असले तर मधल्या घरात कुणाला झोप लागते का गं?"

"आपल्या घरात तर मधलेच भांडतात, मामय्या," सुबद्रम्मा म्हणायची. सासऱ्याला ती मामय्या म्हणे.

शाळेत न जाता मी हाडे शिकले, ती अशी अंगाला अंग लावून. तुम्ही आपला हात कोपरापासून मनगटापर्यंत चाचपून पाहा. आत एक नाही, दोन हाडे आहेत. करंगळीच्या बाजूचे हाड कोपराला घट्ट धरून जागेवर राहते. अंगठ्याच्या बाजूचे मात्र तळहात पालथा केला की त्याच्यावरून आडवे येते, आणि उताणा केला की परत शेजारी जाऊन बसते. कोपर दाराच्या बिजागरीप्रमाणे एकाच दिशेने उघडते आणि मिटते. खांद्यात हाडाचा गोळा वाटीत बसवलेला असतो, म्हणून हात चौफेर फिरतो. मनगटात तर आठ चिमुकली हाडे दोन ओळींत बसलेली असतात. सांध्यात हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चा असते, मध्ये बुळबुळीत वंगण असते, आणि चिवट बंध दोन्ही हाडांना धरून ठेवतात. आणि हाड म्हणजे वाळके लाकूड नव्हे बरे! ते जिवंत असते. मोडले की त्याच्या टोकांना आधी मऊ सांधण येते, मग ते टणक होते. म्हातारा खरे तर काहीच जोडत नसे. टोके समोरासमोर आणून ती हलू नयेत एवढेच तो पाही. बाकी सगळे हाडच करी.

पण हाडाला जगवते ते रक्त. म्हणून म्हाताऱ्याचा एक रिवाज होता. पट्टी बांधली की रोग्याला दिवे लागेपर्यंत ओसरीवर बसवून घ्यायचे आणि दोनतीनदा त्याचे नख दाबून पाहायचे. दाबले की नख पांढरे पडते, सोडले की लगेच लाल होते. लाल झाले तर आत सगळे ठीक. त्याचा दुसरा रिवाज होता, की पट्टी सोडायची ती फक्त रविवारी. मधल्या वारी सोडली तर हाड रुसते, असे सगळा गाव मानत असे.

त्या मंगळवारी दुसरा रिवाज पाळला गेला आणि पहिला राहून गेला.

दोन कोसांवरच्या वाडीतला ताडी काढणारा गुरवय्या सकाळी ताडावरून पडला. कमरेचा दोर झिजलेला होता. उजव्या हाताची दोन्ही हाडे मोडली. सत्तर ताड तो रोज चढे, आणि ते सगळे या हाताच्या जोरावर. सुरी बोटांत धरून, मनगट वळवून, फुलोऱ्याचे टोक कागदाइतके पातळ तासायचे, तेव्हा कुठे ताडी गळते. त्याची बायको मुनेम्मा म्हाताऱ्याच्या पायाशी बसली. सगळे त्याला तात, म्हणजे आजोबा म्हणत.

"तात, पाय मोडला असता तरी चाललं असतं. हा हात तेवढा परत द्या."

"देतो की. मी काय ठेवून घेणार आहे?" पेंचलय्या हसून म्हणाला.

हाडे त्याने सुरेख बसवली. मग मला बांधले, नेहमीपेक्षाही घट्ट, कारण गडी दणकट होता. पण त्या दिवशी गंगम्मा देवीची जत्रा होती, आणि पालखीचा पहिला खांदा पेंचलय्याच्या घराचा. बाहेर ढोल वाजू लागले होते. "जा घेऊन घरी. रविवारी या," असे म्हणून तो घाईने निघाला. नख कुणी दाबले नाही.

दुपारी हात सुजू लागला. बाहेर जागाच नव्हती, मित्रांनो! पट्टी वाळून आवळत चालली होती आणि आतले मांस फुगत होते. मधे मी. माझ्याखाली नाडी धडधडत होती, ती बारीक होत गेली. गुरवय्या ओरडू लागला. कुणी त्याचे बोट सरळ करायला गेले तर तो किंचाळे. ते दुखणे म्हणजे हाताची हाक होती. पण ताडी काढणाऱ्याच्या घरात दुखण्यावर एकच औषध. त्याचा धाकटा भाऊ ओबुलेसू मडके घेऊन आला.

"घे अण्णा, पी. हाड जुळताना दुखतंच."

"भावजी, जरा सैल करून बघू का?" मुनेम्मा म्हणाली.

"मंगळवारी? वहिनी, तुम्हाला हात नीट व्हायला हवाय की नकोय?"

दुखले की ताडी, दुखले की ताडी. हाताची हाक अशी बुडवली गेली. मी मोडून पडायचा किती प्रयत्न केला! एक तडा गेला असता, एक गाठ सुटली असती, तरी पुरे होते. पण मी ताठ होते. धरले की सोडत नव्हते. आयुष्यभर ज्याचे कौतुक झाले, त्याचीच मला त्या दिवशी शिसारी आली.

बुधवारी सकाळी गुरवय्या म्हणाला, "आता दुखत नाही." घरात आनंदीआनंद झाला. ओबुलेसू म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं?" मी आतून आक्रोश करत होते. अरे, दुखणे थांबले नाही, हातच थांबला आहे!

जेवताना मुनेम्माने त्याच्या उजव्या हाताची बोटे सहज हातात घेतली. ती पाण्यातल्या दगडाइतकी गार होती. ताट तसेच टाकून ती दोन कोस पळत एगुवकोन्याला गेली. तिथे काय घडले ते पुढे तीच सांगायची. म्हातारा म्हणाला, "आइतवार येऊ दे." पण सुबद्रम्मा पीठ फेटता फेटता उठली, मुनेम्माचे नख दाबून सोडले आणि विचारले, "असं लाल होतंय का त्याचं?"

"नाही. निळंच राहतंय."

"मग वार बघू नकोस, अक्का. पळ! आधी सोड, मग मोठ्या दवाखान्यात ने. हाड रुसलं तर माझ्यावर रुसेल."

"सूनबाई!" म्हातारा ओरडला.

"मामय्या, नख बघायला तुम्हीच शिकवलंत मला," ती म्हणाली.

ऊन कलताना मुनेम्मा परतली. ओबुलेसू आडवा आला, त्याला तिने ढकलले. भिंतीवरची गुरवय्याची फुलोरा तासायची सुरी ओढली आणि पट्टी चिरली. त्या घाईत माझ्यावर हा चरा पडला. लागल्याचे मला काहीच वाटले नाही. उलट वाटले, अजून खोल कापली असतीस तरी चालले असते, पण काल का नाही?

दवाखान्यात हात वाचवला. पण आतले मांस रक्तावाचून मेले होते. ते आखडले, आणि त्याने चारही बोटे आत ओढून घेतली. दोन महिन्यांनी पेंचलय्या स्वतः चालत आला. त्याने हात चाचपला आणि पुटपुटला, "हाडं तर सरळ जुळलीत." मग तिथेच जमिनीवर बसून तो रडला. त्यानंतर त्याने कुणाचे हाड बसवले नाही. गुरवय्याचे ताड आता ओबुलेसू चढतो. गुरवय्या खाली उभा राहून वर बघत असतो.

मला मुनेम्माने टाकले नाही. रोज दुपारी ती गुरवय्याची मिटलेली बोटे तेल लावून एकेक उघडते, खाली मला ठेवते आणि जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीने सैल बांधते. सोडले की बोटे पुन्हा मिटतात. अंगठा तेवढा थोडा हलू लागला आहे. आणखी किती, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमचा किंवा तुमच्या माणसाचा हात कुणी बांधला, तर बांधणारा कितीही मोठा असो, नख दाबून पाहा. दुखते म्हणणाऱ्याला गप्प करू नका. आणि बोटे गार पडली, तर वार विचारायला थांबू नका. माझे ओरडणे कुणाला ऐकू जात नाही, तुमचे जाते.

आजही मला बांधून झाले की मुनेम्मा गुरवय्याचे नख दाबते आणि सोडून बघते.

"आता कशाला गं? लाल तर आहे," तो म्हणतो.

ती दुसऱ्या बोटाचे दाबते.