हाताजोगा बॉल

टेक्सासमधल्या प्लेनोच्या बोलिंग ॲलीत शिरताना उल्हासरावांनी नवा कोरा बॉल तान्ह्या मुलासारखा पोटाशी धरला होता. त्याला बोटांची भोकं अजून पाडायची होती. मागच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरून उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून त्यांचा जुना बॉल वळेनासा झाला होता. त्यांच्या शुक्रवारच्या टीमचा कॅप्टन सुमंत परवाच म्हणाला होता, "उल्हास, नव्या बॉलनंही जमलं नाही, तर या सीझनला तुझ्या जागी दुसरा घ्यावा लागेल." शुक्रवारची तेवढी एक संध्याकाळ गेली, तर रिटायर माणसानं घरी भिंतींशी बोलायचं का?

भोकं पाडून देणारी आन्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. आईबाप डॉक्टर, हिनं ॲलीतच बोलिंगच्या सामानाचं दुकान थाटलेलं.

"काका, आधी तुमचा रिलीज, म्हणजे बॉल सोडायची पद्धत, बघू द्या. जुना आणलाय ना, तो टाका."

लहानपणी अंगाखांद्यावर खेळलेली पोर. तिच्यासमोर बॉल सरळ कसा जाऊ द्यायचा? उल्हासरावांनी दात आवळले आणि मनगटाला असा झटका दिला की बॉल गरगरत गेला आणि झकास वळला. दुसराही तसाच. तिसऱ्यानंतर त्यांनी हात हळूच खिशात घातला.

आन्यानं बॉलवर उमटलेला लेनच्या तेलाचा पट्टा पाहिला आणि नव्या बॉलवर खुणा करायला घेतल्या. "स्पिन खूप आहे, काका. मग भोकं अशी पाडू की बॉल लेट वळेल. नाहीतर अर्ध्या लेनमध्येच वळून दमेल."

"बरोबर," उल्हासराव म्हणाले. खिशात मनगट ठणकत होतं.

"थांब गं, आन्या," बाकावरून त्यांच्या पत्नी सुचित्राकाकू म्हणाल्या. "हे शुक्रवारी असं टाकत नाहीत. हा पाहुण्यांसमोरचा थाट आहे. हात काढा बरं बाहेर."

हात बाहेर आला. मनगट चांगलंच सुजलं होतं.

आन्या ओशाळली. "मला डाउट आला होता. जुन्या बॉलवरचे ओरखडे आजच्या पट्ट्यापेक्षा वेगळ्याच जागी आहेत. पण काकांना कसं म्हणणार?"

"म्हणायचं," काकू म्हणाल्या. "ही भोकं पडली असती, तर यांचा बॉल वळायच्या आत लेन संपली असती."

बर्फाच्या पिशवीनं हात जरा शेकला आणि मग उल्हासरावांनी रोजच्यासारखा, बिनझटक्याचा बॉल टाकला. तो सरळ घरंगळत गेला. पोरीसमोर गेला तर गेला. छातीवरचं ओझं मात्र उतरलं.

आन्यानं पहिल्या खुणा पुसल्या आणि बॉल फिरवून बोटांची जागा बदलली. "आता उलटं करू. याला लवकर वळायला लावू. मेहनत बॉल करेल, तुम्ही फक्त सोडा."

तासाभरात बॉल तयार झाला. उल्हासरावांनी तो सोडला. थोडा सरळ गेला, मग कुणी हाक मारल्यासारखा वळला आणि मधोमध घुसला. दोन पिना उभ्या राहिल्या, पण मनगटात कळ उठली नाही.

ते येऊन बाकावर टेकले. काकू फोनवर काहीतरी लिहीत होत्या.

"कुणाला?"

"सुमंतच्या सरलाला. शुक्रवारी तुम्ही येताय म्हणून."

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं, तर आधी दहा झटके मारून दाखवले असतेत."

उल्हासराव हसले आणि चांगला हात त्यांनी काकूंपुढे धरला. "दे, मीच पाठवतो."