गोधडीखालचं ऊन

मी एक जुना अंतर्गोल आरसा आहे. माझ्या अंगावरची गोधडी काढण्यात सोनूबाईंना काय मिळणार होतं ते आधी सांगतो: चार ताटं आंबापोळी, चार दिवसांऐवजी दोन दिवसांत वाळलेली. मे सरत आला होता, मिरगाचा पाऊस तोंडावर होता. त्या दिवसांत रत्नागिरीत ज्याच्या अंगणात मोकळं ऊन, तो माणूस श्रीमंत.

मित्रांनो, शिवा नावाच्या कारागिराने ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून, घासून मला घडवलं. मग मी शहराबाहेरच्या एका लहानशा विज्ञान केंद्रात आलो. तिथे प्रत्येक वस्तूवर पाटी आहे, 'हात लावून बघा'. मुलं माझ्यात आपलं उलटं डोकं पाहून हसायची. मोठी माणसं आधी केस सारखे करायची, मग हसायची. त्या आठवड्यात माझ्या कोपऱ्यातलं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून मला अंगणात ठेवलं आणि माझी पाटी बदलली: 'हात लावू नये. गोधडी काढू नये.' कारण मी ऊन घेतो ते परत करतो, पण सगळं गोळा करून, रुपयाएवढ्या जागेत.

सोनूबाई केंद्रात झाडलोट करायच्या आणि तिकिटंही फाडायच्या. ती पाटी त्यांनीच रोज पुसली होती. "आरसा फुकट, ऊन फुकट," त्या सकाळी पुटपुटल्या, "झाकून ठेवून कुणाचं भलं झालंय?" खाऱ्या हवेने मला कलवायचा स्क्रू गंजला होता. त्यांनी गोधडी काढली, दगडाने ठोकून तो फिरवला आणि मला अंगणात मांडलेल्या ताटांकडे वाकवलं.

ताटांच्या मागे माडाच्या झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, मांडव होता, त्याला झापांचाच आडोसा. अकराच्या सुमारास मुंबईहून गावी आलेले हर्षद तिथे आले. कडेवर त्यांची तीन वर्षांची मुलगी मृणाली झोपलेली, बरोबर दहा वर्षांची भाची तेजस्वी.

"मावशी, हिला इथे सावलीत निजवतो. लक्ष ठेवाल?"

"ठेवतंय की. जावा तुम्ही निवांत."

आडोशाला पाठ लावून मृणाली निजली. सोनूबाई शेजारी बसल्याही. पण फाटकात बस थांबली आणि तिकिटांसाठी हाका सुरू झाल्या. "ही गेले, ही आले," असं म्हणून त्या उठल्या. बसमधून चाळीस माणसं उतरली.

ऊन वर चढतं तसा माझा उन्हाचा बिंदू खाली उतरतो. आधी तो ताटांच्या वर हवेत होता. मग तो आडोशाच्या वरच्या कडेला टेकला. सुकं झाप आधी तपकिरी झालं, मग काळं. त्यातून दोऱ्याएवढा धूर निघाला. खाली मृणालीने कूस बदलली. मित्रांनो, मला तोंड फिरवता येत नाही. जे समोर येईल ते पाहणं, एवढंच माझं काम.

आत केंद्र चालवणारे दीपक सर खिडकीशी लहान आरसा धरून कागद जाळून दाखवत होते.

"सर, आरसा मोठा असता तर?" तेजस्वीने विचारलं.

"मोठा बाहेर आहे. म्हणून तर तो गोधडीत झोपतो."

ती मला बघायला बाहेर आली. गोधडी कुठे दिसेना. ती ताटांखाली अंथरली होती. मग तिला धूर दिसला. "मामा!" ती ओरडली आणि माझी कड धरून मला वळवू लागली. तापलेल्या पत्र्याने तिचा तळहात भाजला, पण स्क्रू हलला नाही. तिने एक ताट उचललं आणि ओलसर आंब्याचा रस माझ्या तोंडावर फासला. मग दुसरं, तिसरं, चौथं. मी आंधळा झालो. धूर विरळ झाला. हर्षद धावत आले, त्यांनी मृणालीला उचललं. दीपक सरांनी धुमसणारं झाप ओढून पायाखाली विझवलं.

आता सगळे तेजस्वीच्या रसाने माखलेल्या हातांकडे बघत होते.

"पाटी वाचता येत नाही तुला?" हर्षद मृणालीला छातीशी धरून म्हणाले. "गोधडी काढलीस कशाला?"

सोनूबाई तिकिटांची चळत घेऊन दारात उभ्या. गप्प राहिल्या तर नोकरी शाबूत, आणि कुणाला कधी कळणारही नव्हतं. त्यांनी एकदा ताटांकडे पाहिलं, एकदा मुलीच्या तळहाताकडे.

"पोरीला बोलू नका, दादा. गोधडी मी काढली. पोळी माझी हाय."

दीपक सर म्हणाले, "आधी तिच्या हातावर पाणी ओता."

सोनूबाई कामावर राहिल्या, पण तिकिटखिडकी गेली. आता फक्त झाडू. मी तेव्हापासून सामानाच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. आंबट रसाचा डाग शेवटपर्यंत निघाला नाही. दर सोमवारी सोनूबाई मला पुसतात, गोधडीची चारही टोकं स्वतः बांधतात आणि गाठी दोनदा ओढून बघतात. मित्रांनो, कुणी काही झाकून ठेवलं असेल, तर ते का झाकलंय हे आधी विचारा.

तर एकूण असं झालं: सोनूबाईंची चार ताटं आणि खिडकीतली खुर्ची गेली, तेजस्वीच्या तळहाताची कातडी गेली, माझं ऊन गेलं. मृणालीचं काहीच गेलं नाही. ती उठली तेव्हा एवढंच म्हणाली, "आंब्याचा वास येतोय."