पुतळाबाईंची दुभाषी

"पडद्याकडे बघून बोलायचं, माझ्याकडे नाही," सुचित्राने पुतळाबाईंना पुन्हा एकदा सांगितलं.

"आता आयकतान ते?"

"अजून नाही. आधी रत्नागिरीवाले बोलतायत. मग आपण."

बेलापूरच्या त्या खोलीत एसी जरा जास्तच गार होता. संसदेची एक समिती किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं म्हणणं थेट ऐकून घेत होती. दिल्लीला जायची गरज नाही. आपल्याच गावाजवळ कॅमेऱ्यापुढे बसायचं, की तिकडे खासदार पडद्यावर बघणार आणि ऐकणार. जवळच्याच दिवाळे गावच्या मच्छीमार सोसायटीने पुतळाबाईंचं नाव दिलं होतं. सुचित्रा मराठीचं हिंदी करायला आली होती.

हे काम ती तरुणपणापासून करत आली होती. परिषदा, सुनावण्या, कधी कोर्ट. दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. त्यामुळे तिने मंत्र्याचा 'मी' म्हटला होता, कारखानदाराचा म्हटला होता, जमीन गेलेल्यांचाही. खांदेश्वरच्या फ्लॅटवर परतल्यावर मात्र 'मी' म्हणायचं फारसं काम पडत नसे. आई गेल्यापासून घरात ती एकटीच होती. लग्नाचं कुणी विचारलं तर 'राहून गेलं' एवढंच सांगे.

"तुम्हाला हिंदी येतं ना?" तिने विचारलं.

"बाजारान बोलते की. भाव करायला पुरतंय. पन ह्या नाय सांगवत मना त्या भाषेन."

पडदा सांभाळणाऱ्या धनेशने अंगठा वर केला. पडद्यावर लांबलचक टेबल आणि त्यामागे बसलेली माणसं दिसली. मधल्या अध्यक्षांनी हात जोडले. पुतळाबाईंनीही जोडले आणि लगेच मान वळवून सुचित्राकडेच बघत बोलायला सुरुवात केली.

"मी दिवाल्याची पुतळा. माजा नवरा नामा मासे मारीत व्हता…"

सुचित्रा माइकमध्ये हळू आवाजात हिंदी बोलत गेली. रस्त्याच्या कामाचा भराव खाडीच्या तोंडाशी पडला, नेहमीची वाट बुजली. कुणी खूण लावली नाही की दिवा लावला नाही. त्या संध्याकाळी नामा परतत होता. ओहोटी होती. होडी दगडांवर चढली.

"ढकलाया म्हनून खाली उतरला न् चिखलान, गालान रुतला. कमरेवरी. मी जेट्टीवर पाटी घेऊन उभी. मना त्याची हाक यायची, पन मानूस दिसं नाय. आमच्या होऱ्या बी गालानच बसलेल्या. जायाचा कोनी, कसा?"

सुचित्राची नजर पडद्यावर गेली. अध्यक्षांचा चेहरा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी थिजला होता. धनेशने हात हलवून लाइन गेल्याचं दाखवलं. अशा वेळी बोलणाऱ्याला थांबवायचं, असा नियम होता. पण पुतळाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मग भरती आली," त्या म्हणाल्या. "हाक मारायचा, मी ओ द्यायची. पुन्ना हाक, पुन्ना ओ. नंतर नुसती मीच ओ देत व्हते."

सुचित्राने थांबवलं नाही. लाइन गेलेल्या माइकमध्ये ती शेवटच्या शब्दापर्यंत हिंदी बोलत राहिली.

पुतळाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "आयकलं त्यांनी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही. मधेच लाइन गेली," सुचित्रा म्हणाली. "जोडतायत. परत सांगावं लागेल."

पुतळाबाईंनी थिजलेल्या पडद्याकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "एकदा सांगून झाला. पुन्ना नाय येत वर. तू आयकलंस ना? तूच सांग."

पडदा जिवंत झाला. अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. सुरुवातीचंही नीट ऐकू आलं नाही आणि वेळ कमी आहे, कृपया एका मिनिटात म्हणणं मांडावं, असं ते म्हणाले.

सुचित्राने सवयीने सगळं बसवलं. मी दिवाळ्याची. भरावामुळे खाडीची वाट बुजली. माझे पती गाळात अडकून गेले. वाट खोदून द्या, खाडीच्या तोंडाशी दिवा लावा. चांगलं, नेटकं हिंदी झालं. अध्यक्षांनी मान डोलावली, आभार मानले, आणि पुढच्या ठिकाणाचं नाव पुकारलं.

"नामाचं नाव नाय घेतलंस," पुतळाबाई शांतपणे म्हणाल्या.

"वेळ नव्हता हो."

"नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मासळीबाजारात एखादीने वजन बघून सांगावं, तसं त्या बोलल्या. सुचित्राचा हात माइकच्या बटणावर गेला.

"अध्यक्ष महोदय, क्षमा कीजिए. एक नाम रह गया. नामा. दिवाळे गाँव के नामा."

टेबलामागची माणसं वर बघू लागली. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "यह किनका नाम है?"

"मेरे पति का," सुचित्रा म्हणाली.

अध्यक्षांनी शेजारच्याकडे वळून काहीतरी सांगितलं. तो लिहू लागला. काय लिहिलं ते इथून दिसण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, असं मधे नाय बोलता येत आपल्याला," धनेश कुजबुजला. "वरनं फोन येईल आता. पुढच्या वेळी बोलवनार नाय तुमाला."

"येऊ दे."

पुतळाबाई उठल्या. बांगड्या मागे सारल्या, पिशवी घेतली. आभार वगैरे काही मानले नाहीत. दारापाशी थांबून म्हणाल्या, "ये कवातरी दिवाल्याला. खाडीच्या निवट्यांचं कालवण खायला घालीन."

"येईन."

"यायला पायजे हां. नुसतं बोलायला नको," असं म्हणून त्या बाजाराची वेळ गाठायला निघून गेल्या.

सुचित्राचं काम संपलं होतं. निघायला हरकत नव्हती. पडद्यावर आता दूरच्या कुठल्यातरी किनाऱ्यावरचा एक म्हातारा आला होता. उघड्या अंगावर उपरणं घेतलेला तो माणूस तिला न येणाऱ्या भाषेत बोलत होता, बोलता बोलता हाताने लाटेची उंची दाखवत होता. धनेशने आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि खुर्ची जरा पुढे ओढून त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकत बसली.